सईच्या वाढदिवसाची फुलं

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

सईला फुलांचा वाढदिवस हवाय हे काल फोनवर सांगितलंस, आणि पाठोपाठ त्या सजावटवाल्याचा आकडाही. प्लॅस्टिकच्या फुलांची भिंत एका संध्याकाळसाठी भाड्यानं आणायची, त्याचे एवढे पैसे? फोटो छान येतील, नाही म्हणत नाही. पण पाच वर्षांची पोरं तिच्यापुढे कितीशी उभी राहणार? लगेच फुगे फोडायला पळतील. त्यापेक्षा खरी फुलं आण, आणि भिंतीला टांगण्यापेक्षा पोरांच्या हातात दे.

पितृपंधरवडा आहे म्हणून तुझ्या सासूबाई कुरकुरल्या म्हणालीस. वाढदिवस तारखेचा आहे म्हणावं. शिवाय गणपती उरकले की फुलांचा बाजार उतरतो आणि घटस्थापना जवळ आली की झेंडू पुन्हा वर चढतो. आपल्याला हे मधले दिवस मिळालेत. मार्केट यार्डात भल्या सकाळी जा. झेंडू, अष्टर, शेवंती सुटी घे, देठं खुडत बसायला नकोत. गुलछडीच्या काड्या मात्र आदल्या दिवशी आणून पाण्यात ठेव. कळ्या उमलत राहतील आणि संध्याकाळी घरभर वास येईल. जरबेरा घेतलास तर भांड्यात दोन-तीन बोटंच पाणी घाल, जास्त पाण्यात त्याचा देठ कुजतो.

प्राजक्ताचा विचार सोड. तुमच्या सोसायटीत सडा पडतो, पण तो पहाटेचा. संध्याकाळी पाच वाजता हाती काय लागणार? पाच वाजताचं फूल म्हणजे गुलबक्षी. दुपारभर मिटून असते आणि उन्हं कलली की उमलायला लागते. माझ्या परसात सध्या गुलाबी आणि पिवळी, दोन्ही बहरल्यात. बाबा गाडीनं येणारच आहेत, त्यांच्याबरोबर कुंड्या आणते. मुलं आली की आधी कळ्या दाखवायच्या आणि केक कापून झाला की पुन्हा तिथं न्यायचं.

मग गुलबक्षीची वेणी करायची. सुई नको, दोरा नको. फुलांच्या लांब नळ्यांचाच तिपेडी पेड घालत जायचं आणि दर वळशाला एक नवं फूल धरायचं. तू हे शाळेत असताना तासन्‌तास करायचीस. विसरली असशील तर मी आहे. मुलग्यांनाही बसव, ‘हे मुलींचं’ असं कुणाला म्हणू देऊ नकोस. गुलबक्षीच्या काळ्या बिया तेवढ्या मी आधीच काढून टाकीन, त्या तोंडात जायला नकोत. याच कारणानं सोसायटीच्या कुंपणावरची कण्हेर आणि बिट्टीही सजावटीत घेऊ नकोस. दोन्ही विषारी.

तेरडाही आणते. पिकलेल्या बोंडाला हात लावला की ते फटकन फुटून बी उडतं. एकाला ते कळलं की बाकीचे खेळ विसर! तरी एक हाताशी असू दे: डोळ्यांवर रुमाल बांधून वासावरून फूल ओळखायचं. झेंडू, गुलछडी, सोनचाफा मिळाला तर तो, आणि फसवायला तुळशीची मंजिरी.

केकवर बाजारची फुलं खोचू देऊ नकोस, त्यांवर औषध मारलेलं असतं. हवीच असतील तर आपल्या दारच्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या आणते, त्यांवर कधी काही फवारलेलं नाही. परतभेटीला पेन्सिली-खोडरबरं नकोत. गेल्या दसऱ्याचे झेंडू मी वाळवून ठेवलेत. एकेका मुलाला एकेक पुडी द्यायची. वाळलेलं फूल बियांसकट चुरून कुंडीत टाकलं की रोपं येतात. पुडीवर नावं सईकडून लिहून घे, ‘झेंडू’तला झ तिला जमेल तसा येऊ दे.

मुलं नक्की किती ते रविवारपर्यंत कळव, म्हणजे तेवढ्या पुड्या बांधते. आणि सजावटवाल्याला आगाऊ पैसे दिले नाहीस ना? बाबा विचारतायत.

तुझी,
आई