आरसा घडवला, आता तो मोजायला वेळ द्या

माननीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

अवकाशात राहून ताऱ्यांचे क्ष-किरण टिपणाऱ्या दुर्बिणीच्या प्रकल्पाला उशीर झाला की पहिली कात्री चाचण्यांच्या दिवसांना लागते. ती लागू नये, आणि लांब निर्वात नळी असलेल्या प्रयोगशाळेला स्वतंत्र निधी मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र.

क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर शोषले जातात. जेमतेम एखाद्या अंशाच्या कोनात घासून गेले तरच परावर्तित होतात. म्हणून सोन्याचा किंवा इरिडियमचा मुलामा दिलेले नळकांड्यांसारखे आरसे एकात एक बसवतात. किरण दोनदा उसळतो, आणि मेख तिथेच आहे. परावर्तन 5 टक्के कमी भरले, तर हाती येणारे किरण जवळपास 10 टक्क्यांनी घटतात.

ताऱ्याचे किरण समांतर येतात, प्रयोगशाळेतल्या स्रोताचे मात्र फाकत येतात. 10 मीटर नाभीय अंतराची (समांतर किरण आरशांपासून जितक्या अंतरावर एकवटतात ते अंतर) दुर्बीण स्रोतापासून 130 मीटरवर ठेवली, तर प्रतिमा सुमारे 83 सेंटिमीटर मागे पडते आणि पहिल्या आरशावरून निघालेले काही किरण दुसऱ्यावर पोचतच नाहीत. अंतर 500 मीटर केले की ही सरक 20 सेंटिमीटरवर येते. नासाच्या चंद्रा या क्ष-किरण अवकाश वेधशाळेचे आरसे अमेरिकेतल्या हंट्सव्हिलला अर्धा किलोमीटर लांबीच्या नळीत तपासले, ते उगाच नव्हे. शिवाय पातळ आरसे जमिनीवर स्वतःच्याच वजनाने वाकतात. संच फिरवून वेगवेगळ्या स्थितींत मोजल्याशिवाय वाक कोणता आणि घडणीतला दोष कोणता, हे कळत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे तेलकट वाफ. चंद्रा वेधशाळेच्या सीसीडी (किरण टिपणारी चिप असलेल्या) कॅमेऱ्यासमोरच्या गाळणीवर वर्षानुवर्षे थर साचत गेला आणि कमी ऊर्जेच्या किरणांची संवेदनशीलता घटली. अवकाशात ती गाळणी कोण पुसणार? म्हणून पंप तेलविरहितच हवेत. प्रत्येक मुलाम्याच्या खेपेतले छोटे साक्षी-नमुने, म्हणजे तोच मुलामा दिलेले तुकडे, आरशांसोबत त्याच पेटीत, त्याच निर्वात कक्षात ठेवून वेळोवेळी मोजायला हवेत.

आमचा सर्वाधिक आग्रह शेवटच्या मोजणीचा आहे. आधी मोजणी, मग कंपनाची चाचणी, मग निर्वातातील उष्ण-थंड फेरे, आणि पुन्हा तीच मोजणी: कार्बनच्या 0.277, ॲल्युमिनियमच्या 1.49 आणि तांब्याच्या 8.04 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट रेषांवर, म्हणजे त्या त्या मूलद्रव्याच्या ठरावीक ऊर्जेच्या क्ष-किरणांवर. वेळ नसला की हीच दुसरी मोजणी गाळली जाते. मग कंपनात एखादा जोड सुटून आरसा किंचित सरकला, तर ते उड्डाणानंतरच कळते.

ही मोजणी झाल्याशिवाय उड्डाणाला मंजुरी देऊ नये, असा लेखी नियम आपण करावा, ही विनंती.

आपले,
क्ष-किरण दुर्बिणींच्या चाचण्या करणारे आम्ही