पक्ष्याचे नाव नको, पिसाची जागा सांगा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत गळाची कृत्रिम माशी, म्हणजे मासा फसावा म्हणून गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा, बांधण्यावरचा लेख वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्रात आला याचाच मोठा आनंद आहे. दोरा, मेण, गळाचे नंबर (म्हणजे मापे) यांची माहितीही नेमकी आहे. पिसांवर मात्र त्यात दोनच वाक्ये आहेत आणि दोन्ही नवशिक्याला आडवाटेला नेणारी आहेत. पीस जितक्या दुर्मीळ पक्ष्याचे तितकी माशी सरस, हे एक. आणि तसे न मिळाल्यास हाताला लागेल ते पीस चालते, हे दुसरे. खरे तर रोजच्या वापरातल्या बहुतेक माश्या कोंबडा, बदक, टर्की, फेझंट (कोंबड्याच्या कुळातला लांब शेपटीचा पक्षी) आणि मोर एवढ्या पक्ष्यांवर भागतात. घोळ होतो तो पक्ष्याच्या अंगावरची जागा चुकल्यामुळे. एकाच कोंबड्याच्या मानेवरचे पीस माशीला पाण्यावर उभे धरते आणि शेपटीच्या बुडाजवळचे पीस तिला खाली ओढते.

तरंगणाऱ्या माशीच्या मानेभोवती जे पीस गुंडाळतात त्याला हॅकल म्हणतात. गुंडाळल्यावर त्याचे तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंना उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर माशी पाण्याच्या पृष्ठभागावर तोलली जाते. म्हणजे तंतू ताठ हवेत आणि त्यांना उपतंतूंची, म्हणजे तंतूंनाच फुटलेल्या बारीक तंतूंची, जाळी जवळजवळ नको, कारण जाळी पाणी धरते. हे दुकानातच तपासता येते. पिसाचा शेंडा चिमटीत धरावा, तंतू उलट दिशेने हलकेच सारावेत आणि पीस उजेडासमोर न्यावे. दांड्याच्या दोन्ही अंगांना तळापासून वर निमुळता होत गेलेला गढूळ पट्टा दिसतो, तीच जाळी. ती खालच्या तिसऱ्या भागात संपत असेल तर पीस घ्यावे. अर्ध्याच्या वर चढली असेल तर ते तरंगणाऱ्या माशीला निरुपयोगी. ताठपणा पाहण्याची जुनी रीत म्हणजे पीस वाकवून उभ्या राहिलेल्या तंतूंची टोके वरच्या ओठाला टेकवणे. बारीक टोचले तर चांगले, गुदगुली झाली तर मऊ. बोटांच्या कातडीपेक्षा ओठाला हा फरक फार लवकर कळतो.

असे पीस पुरत्या वाढलेल्या, साधारण वर्षभराच्या नराच्याच अंगावर मिळते. मांसासाठी वाढवलेला कोंबडा सहा-सात आठवड्यांतच कापला जातो, तेव्हा त्याच्या मानेवर हॅकल तयारच झालेले नसते. कोंबडीच्या दुकानातून पिशवीभर पिसे आणून त्यात ताठ पीस शोधणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. जून कोंबड्याच्याही अंगावर पीसझडीच्या दिवसांत कोवळी पिसे असतात. त्यांचा दांडा तळाशी निळसर-काळपट आणि ओलसर असतो, आत रक्त असते. असा दांडा वाळला की चिंबतो आणि गुंडाळताना चिरतो. म्हणून पीसझड पूर्ण होऊन नवी पिसे पक्की झाल्यावरच पक्षी निवडावा.

मानेचे अख्खे कातडे म्हणजे केप आणि पाठीच्या मागच्या भागाचे म्हणजे सॅडल. केपवर डोक्याकडची पिसे बारीक आणि खांद्याकडची मोठी असतात, त्यामुळे एकाच केपमधून बऱ्याच नंबरांच्या माश्या निघतात. सॅडलची पिसे लांब आणि दांडा बारीक. खास पिसांसाठी जोपासलेल्या जातीच्या एका पिसात तीन-चार माश्याही होतात, पण तंतूंची लांबी जवळपास सारखी असल्याने नंबर दोन-तीनच मिळतात. निरनिराळ्या आकारांच्या थोड्या माश्या करणाऱ्याने केप घ्यावी, एकाच नंबराच्या डझनावारी करणाऱ्याने सॅडल. माप घ्यायला पीस गळाभोवती वाकवून पाहावे. तंतूची लांबी गळाच्या फटीच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांतल्या अंतराच्या, दीडपट ते दुप्पट असावी. त्याहून लांब झाली की माशी कलंडते. आखूड झाली की गळ पाण्यात लोंबतो.

लेखातल्या आकृतीत पीस थेट लवेच्या कडेला बांधलेले दाखवले आहे. तसे केले की पहिलाच वेढा तिरका बसतो आणि पुढचे सगळे त्यावर घसरतात. तळाची लव आणि जाळी ओरबाडून टाकावी, दोऱ्याखाली बांधल्यानंतर एक-दोन मिलिमीटर दांडा उघडा राहू द्यावा आणि मग वेढे सुरू करावेत. पिसाची कमी चकचकीत, किंचित खोलगट बाजू पुढे ठेवली की तंतू जरा पुढे झुकतात आणि माशी ताठ बसते. दांडा तडकत असेल तर पीस दहा मिनिटे ओल्या फडक्यात ठेवावे.

बुडणाऱ्या माशीला याच्या अगदी उलट पीस लागते : मऊ, जाळीदार, पाण्यात हलणारे. कोंबडीच्या मानेचे आणि पाठीचे पीस इथे कोंबड्याच्या पिसापेक्षा शतपटीने चांगले. तित्तराचे ठिपकेदार पीस याच जातीचे. दोनच वेढे पुरतात. तिसरा-चौथा दिला की तंतू एकमेकांना टेकून उभे राहतात आणि हालचाल मरते. सॅडल आणि शेपूट यांच्यामधली रुंद, लोळत पडणारी पिसे मोठ्या, माशासारख्या दिसणाऱ्या माश्यांना लावावीत. मारबू नावाने मिळणारे लवेसारखे पीस मूळ मारबू करकोच्याचे, पण आज ते टर्कीचे असते. नाव तेवढे मागे राहिले. घेताना दांडा बारीक आणि शेंड्यापर्यंत लवचीक असलेले पीस घ्यावे. जाड दांड्याचे पीस गळावर काडीसारखे उभे राहते.

बदकाचे सर्वांत मोलाचे पीस सर्वांत दुर्लक्षित जागी असते. शेपटीच्या बुडावर, वरच्या अंगाला, तेलग्रंथी असते आणि तिच्याभोवती छोटी, राखट, विस्कटल्यासारखी दिसणारी पिसे असतात. बाजारात त्यांना सीडीसी म्हणतात. एका पक्ष्यात ती थोडीच मिळतात. ती तरंगतात याचे श्रेय सहसा ग्रंथीच्या तेलाला दिले जाते, पण धुऊन रंगवलेली सीडीसीही तरंगते. खरे काम वळणावळणाच्या उपतंतूंचे आहे. ते हवेचे बारीक बुडबुडे अडकवून ठेवतात. म्हणूनच या पिसाला माशी तरंगती ठेवण्याचे पातळ औषध किंवा मलम कधीही लावू नये. ते लावले की उपतंतू चिकटतात, हवा निघून जाते आणि माशी ओल्या कापसासारखी बसते. मासा लागून भिजली की स्वच्छ पाण्यात खळबळावी, फडक्यात दाबावी आणि कोरडी भुकटी लावून झटकावी.

पंखाच्या पिसांपासून माशीचे पंख करायचे तर पिसे जोडीने हवीत : एक डाव्या पंखाचे, दुसरे उजव्या पंखाचे, आणि तेही त्याच क्रमांकाचे. प्रत्येकातून तीन ते पाच मिलिमीटर रुंदीची पट्टी कापतात. दोन्ही पट्ट्या एकाच बाजूच्या घेतल्या तर त्यांचा बाक एकाच दिशेला जातो, माशी फेकताना भोवऱ्यासारखी फिरते आणि पुढच्या बारीक दोऱ्याला पीळ पडतो. पट्टी चिरली तर ती टाकू नये. चिमटीत धरून तळाकडून टोकाकडे दोनदा फिरवली की उपतंतूंचे आकडे पुन्हा अडकतात. हंसाच्या आणि टर्कीच्या त्याच पिसाच्या अरुंद कडेचे तंतू आखूड आणि काटक असतात. ते शेपटीला आणि अंगाला वापरतात. गुंडाळण्याआधी काही मिनिटे पाण्यात भिजवावेत, नाहीतर फाटतात.

फेझंट नराच्या शेपटीतली मधली लांब पिसे घ्यावीत. कडेची आखूड असतात. इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार फ्रँक सॉयर याने या पिसाच्या माशीत दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरली, त्यामुळे वजन आणि मजबुती दोन्ही एकदम आली. मोराच्या पिसाचा तंतू दिसायला देखणा पण फार नाजूक. माशाच्या दातांनी तो लगेच तुटतो. तीन-चार तंतू दोऱ्याबरोबर पिळून गुंडाळावेत किंवा वरून उलट दिशेने तार फिरवावी. डोळ्याजवळचे तंतू सोलले की त्यांवर फिकट-गडद पट्टे दिसतात. बारीक किड्याच्या अंगाला याहून चांगली वस्तू नाही. मोर दरवर्षी पिसारा गाळतो, त्यामुळे या पिसांसाठी पक्षी मारावा लागत नाही.

आता दुर्मीळ पक्ष्यांविषयी. एकोणिसाव्या शतकात सॅमन मासा पकडण्यासाठी बांधलेल्या माश्यांत दूरदेशीच्या रंगीत पक्ष्यांची पिसे असत आणि आजही शोभेसाठी त्या तशाच बांधणारे आहेत. या हौसेपायी २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. परत मिळालेल्यांपैकी अनेकांच्या माहितीच्या चिठ्ठ्या तोडून टाकलेल्या होत्या. पक्षी कुठे आणि कधी मिळाला हे सांगणारी चिठ्ठीच गेली की ते कातडे अभ्यासाच्या दृष्टीने गेल्यातच जमा. सॅमन रंगवलेल्या कोंबडीच्या पिसालाही लागतो. राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या मेणचट ठिपक्याच्या पिसाऐवजी रंगाचा थेंब दिलेले साधे पीस चालते. शिवाय रानात पडलेले पीस उचलणे सगळीकडे निर्धोक नाही. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने बहुतेक स्थानिक रानपक्ष्यांचे गळून पडलेले पीसही जवळ बाळगता येत नाही. 'हाताला लागेल ते' हा सल्ला छापण्याआधी हे सांगायला हवे होते. रानात मरून पडलेल्या पक्ष्याची पिसे तर घेऊच नयेत. बर्ड फ्लूची साथ असेल तेव्हा अशा पक्ष्याला हातही लावू नये.

मिळालेली पिसे घरात कशी आणायची, याचा लेखात उल्लेखच नाही. बाहेरून आलेले प्रत्येक पीस आधी हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवावे, दोन दिवस बाहेर काढावे, पुन्हा आठवडाभर आत ठेवावे. पिसे खाणाऱ्या कसरीची अंडी किंवा अळ्या पहिल्या गारठ्यातून वाचल्याच तर दुसऱ्या फेरीत मरतात. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर पिसांवर दव धरते. मग कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे थोडे थेंब टाकून धुवावीत, तीनदा खळबळून वारा लागेल अशी जाळीच्या पिशवीत वाळवावीत. वाकडी झालेली पिसे किटलीच्या वाफेवर चिमट्याने काही सेकंद धरली की सरळ होतात. कातडे असेल तर चरबी खरवडून, पिसांची बाजू खाली करून पुठ्ठ्यावर टाचावे आणि वर बोरॅक्स पसरावे. चरबी राहिली की ती खवट होते आणि तंतू चिकट पडतात.

साठवलेल्या पिसांचा मोठा शत्रू कसर. पिशवीच्या तळाशी वाळूसारखे बारीक कण आणि तंतू खाल्लेले उघडे दांडे दिसले की समजावे. ती पिशवी तशीच बंद करून फ्रीझरमध्ये टाकावी आणि शेजारच्या सगळ्या पिशव्याही. प्रत्येक पक्षी वेगळ्या पिशवीत ठेवण्याचे कारण हेच आहे.

या लेखमालेचा पुढचा भाग येईल तेव्हा त्यात पक्ष्यांच्या नावांची यादी देऊ नये. त्याऐवजी एका कोंबड्याची आणि एका बदकाची साधी बाह्यरेखा छापावी आणि मान, पाठ, शेपटीचे बूड, कूस, पंखाची कड या जागांवर तिथले पीस कोणत्या माशीला लागते ते लिहावे, ही विनंती.

आपला,
माशी बांधणारा एक वाचक