फलोत्पादन मंत्र्यांना खुले पत्र: हापूसचं नुकसान एका दिवसात होत नाही

मा. फलोत्पादन मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय: हापूस आंब्यासाठी फळपीक विम्याचे निकष बदलण्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातली आंबा बागायतदार. आमची कलमं सासऱ्यांनी लावलेली. 1990 साली सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली आणि कोकणातल्या कातळावर, वरकस जमिनीवर माणसांनी सुरुंग लावून खड्डे मारले, लांबून माती आणून भरली, त्या वेळची. ती योजना ज्या खात्याची, तेच खातं आज आपल्याकडे आहे. म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहिते आहे.

मागणी एकच आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत हापूसचं नुकसान ज्या पद्धतीने मोजलं जातं, ती पद्धत बदला. आज थंडीचा आकडा वेगळा, उष्णतेचा वेगळा, पावसाचा वेगळा आणि वाऱ्याचा वेगळा बघतात. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या मर्यादेपलीकडे, ठरलेले दिवस आकडा गेला तरच भरपाई. झाडाचं नुकसान मात्र असं सुटं सुटं होत नाही. आधी काय झालं आणि त्यावर पुढे काय आलं, यावर ते ठरतं.

पाऊस उघडला की ऑक्टोबरच्या उकाड्यात कलमांना पालवी येते. ती जून झाली आणि डिसेंबरात रात्रीची थंडी लागली की काडीच्या टोकाचा डोळा फुगतो, बोंगा म्हणजे मोहोराचा कोंब फुटतो आणि मोहोर बाहेर पडतो. इथवर थंडी आम्हाला हवीच असते. पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत रेंगाळला तर मोहोराऐवजी पुन्हा पालवीच येते आणि सगळा हंगाम मागे पडतो, पण ते एक वेळ सोसता येतं. खरा घात त्यानंतरचा आहे. जानेवारीत ऊब येते, मोहोर फुलतो, वाटाण्याएवढी कणी धरते, काही झाडांवर ती सुपारीएवढी होते. घरात सगळे पेट्यांचा अंदाज बांधू लागतात. आणि नेमकी तेव्हा उत्तरेकडून थंडीची लाट उतरते. रात्रीचा पारा 15 अंशांच्या आसपास येऊन काही दिवस तिथेच बसतो. मग त्याच काडीवर, धरलेल्या फळांच्या बाजूने, झाड नवा मोहोर काढतं. यालाच पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचा अन्नरस त्या नव्या मोहोराकडे वळतो, आणि जुनी फळं देठाशी पिवळी पडून गळायला लागतात.

नवा मोहोर आला म्हणजे नवं पीक आलं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. तसं होत नाही. मोहोरात फुलं दोन प्रकारची असतात, नर आणि संयुक्त. फळ धरतं ते संयुक्त फुलालाच. थंडीत निघालेल्या मोहोरात नर फुलांचं प्रमाण वाढतं. गारठ्यात परागीभवन करणाऱ्या माश्याही कमी फिरतात. त्यामुळे मोहोराने झाड पांढरं दिसतं आणि हाताला काही लागत नाही. हातातलं फळ गेलं आणि बदल्यात वांझ मोहोर मिळाला, असा हा व्यवहार.

त्यात फेब्रुवारी आता पूर्वीचा राहिलेला नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये देशातलं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या नोंदींत सगळ्यात जास्त होतं. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी 2025 मध्ये, सरासरी तापमानाचा उच्चांक झाला. दोन्ही वर्षी हवामान खात्याला फेब्रुवारीतच कोकणासाठी उष्णतेचा इशारा द्यावा लागला. आमच्याकडे हा उष्मा येतो तो घाटावरून. पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, दुपारी समुद्रावरून येणारा गार वारा उशिरा सुटतो किंवा सुटतच नाही, आणि कातळ तापतो. सकाळी अंगावर शाल घेऊन बागेत गेलेला माणूस दुपारी सावली शोधतो. एवढ्या फरकात कोवळी कणी टिकत नाही. जी टिकते तिच्या उन्हाकडच्या बाजूला करपल्यासारखे डाग पडतात. ते फळ पुढे वाढलं तरी पेटीत भरता येत नाही.

माझी आपल्याला विनंती आहे की फेब्रुवारीअखेर एकदा कुठल्याही बागेत उभं राहून एकच फांदी हातात घेऊन बघा. एका घोसाला अंड्याएवढी कैरी असते, शेजारी वाटाण्याएवढी कणी असते आणि मधूनच नुकताच फुटलेला मोहोर. तीन वयांचं पीक एका काडीवर. आता फवारणी कशी करायची ते सांगा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने फवारणीचं जे वेळापत्रक दिलं आहे, ते मोहोराच्या अवस्थेवर बेतलेलं आहे. बोंगे फुटताना अमुक, मोहोर फुलण्याआधी तमुक, कणी धरल्यावर आणखी काही. मोहोर एकदाच आला तर ते चोख लागू पडतं. तीनदा आला तर प्रत्येक वेळी तुडतुडे, फुलकिडे ही कीड आणि भुरी हा रोग नव्याने येतात. नव्या मोहोरासाठी औषध मारावं, तर शेजारची कैरी काढणीला जवळ आलेली, तिच्यावर औषधाचा अंश राहण्याची भीती. न मारावं, तर फुलकिडे मोहोर खरवडून काढतात आणि कैरीची सालही खराब करतात. भर फुलोऱ्यात मारावं, तर माश्या मरतात आणि फळधारणा आणखी घटते. औषधं, पंपाचं इंधन, गडीमाणसं, राखणीला ठेवलेल्या गुरख्यांचा पगार, हा सगळा खर्च वाढत जातो आणि झाडावरचं फळ कमी होत जातं. हा खर्च विम्याच्या कुठल्याच निकषात दिसत नाही.

आम्ही हात बांधून बसलेलो नाही. पुनर्मोहोर रोखायला विद्यापीठाने सांगितलेलं जिबरेलिक आम्ल, 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम, वेळेवर फवारतो. फळगळीसाठी पोटॅशियम नायट्रेटची फवारणी करतो. कणी धरल्यापासून झाडाला 150 ते 200 लिटर पाणी द्यावं अशी शिफारस आहे. ज्यांच्याकडे पाणी आहे ते देतात, बाकीचे टँकर मागवतात. फळांना कागदी पिशव्या घालतो. पण कातळावर फेब्रुवारीत पाणी कुठून आणायचं? चार महिने एवढा पाऊस पडूनही आमच्या बागा तहानलेल्या राहतात. हा प्रश्न आपल्या खात्याच्या हातातला आहे, त्यावर सविस्तर वेगळं लिहीन.

विम्याकडे परत येते. समजा, थंडीसाठी ठरलेल्या मर्यादेखाली पारा सलग उतरायला हवा आणि शेवटच्या रात्री तो अर्ध्या अंशाने वर राहिला. कागदावर थंडी पडलीच नाही. पुढे उष्णतेचंही तसंच झालं. दोन्ही वेळा मर्यादा चुकली म्हणून भरपाई शून्य. झाडाने मात्र थंडीही सोसली, उष्माही सोसला आणि फळ टाकलं. आमच्या महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, एका हंगामात हेच झालं. बागेत गळालेल्या कण्यांचा सडा पडला होता आणि विमा कंपनीचं उत्तर आलं की आपल्या मंडळात निकष लागू झालेले नाहीत. ज्याने ते उत्तर पाठवलं त्याच्यावर माझा राग नाही, कारण नियमानुसार ते बरोबरच होतं. नियम बदला, एवढंच म्हणणं आहे.

आणि पारा मोजला कुठे जातो? महसूल मंडळातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर. कोकणात एका मंडळात खाडीकाठ असतो, सडा म्हणजे कातळाचं पठार असतं आणि दोन डोंगरांमधली घळही असते. खाडीकाठच्या बागेत रात्र उबदार, सड्यावर दुपार रखरखीत आणि घळीत गार हवा साचून पहाटे हुडहुडी. एका केंद्राचा आकडा या तिघींना कसा लागू पडेल? देशावरच्या सपाट रानाला ही पद्धत कदाचित चालत असेल, आमच्या उतारांना चालत नाही.

हे दुखणं एकट्या हापूसचं नाही. निफाडला पहाटे दव गोठायला लागलं की द्राक्ष बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. हिमाचलात सफरचंदाला हिवाळ्यात पुरेसे गार तास मिळेनात, म्हणून बागा कुलूच्या खोऱ्यातून वर किन्नौर, लाहौलकडे सरकल्या. आम्हाला सरकायला जागा नाही, मागे सह्याद्री आणि पुढे समुद्र. फ्रान्समध्ये 2021 च्या मार्चअखेरीस अवेळी उष्मा आला, द्राक्षवेली आणि फळझाडं लवकर फुटली, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडाक्याचं हिम पडलं. कोवळे कोंब एका रात्रीत काळे झाले. तिथल्या सरकारने ती शेतीवरची आपत्ती मानली, 2022 मध्ये पीकविम्याचा कायदाच नव्याने केला, आणि 2023 पासून सगळ्यात मोठ्या नुकसानीचा भार सरकारने उचलण्याची व्यवस्था लागू केली. तिथे हिम पडतं, आमच्याकडे पडत नाही. पण आधी ऊब, मग थंडी, हा घात तोच. हिमाचं नुकसान सकाळी उठल्यावर डोळ्यांना दिसतं. आमचं दोन-तीन आठवड्यांत, थोडं थोडं करून, झाडाखाली पडतं. म्हणून त्याची बातमी होत नाही आणि पंचनामाही होत नाही.

काय करता येईल, तेही मांडते. फळधारणा झाल्यानंतर आलेली थंडी हा विम्यात स्वतंत्र धोका धरा. त्याची मर्यादा मोहोर येण्याआधीच्या थंडीपेक्षा वेगळी ठेवा, कारण तीच थंडी डिसेंबरात उपकारक असते आणि फेब्रुवारीत मारक. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक निकषात घ्या. थंडी आणि त्यामागून उष्मा असं जोडीने आलं तर प्रत्येकाची मर्यादा खाली आणा. उष्णतेचा कालावधी ठरवताना फेब्रुवारी पहिल्या दिवसापासून धरा. हे आकडे मुंबईत बसून कुणी ठरवू नयेत, मीही ठरवू नयेत. दापोलीचं विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र यांच्याकडे या झाडाचा अनेक दशकांचा अभ्यास आहे, त्यांच्याकडून लेखी घ्या. पुनर्मोहोर आणि फळगळ यांचा पंचनामा कसा करायचा याची पद्धतही त्यांनीच बसवून द्यावी, आणि हवामान केंद्राचा आकडा व बागेतली स्थिती जुळत नसेल तेव्हा तो पंचनामा ग्राह्य धरावा. केंद्रांची ताशी नोंद त्याच दिवशी प्रत्येक बागायतदाराला मोबाईलवर बघता आली पाहिजे. हंगाम संपल्यावर कळून काय उपयोग?

2024 मध्ये शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देणारी देशभरातली जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद झाली. तो निर्णय केंद्राचा होता. पण थंडी येणार हे चार दिवस आधी कळलं तर जिबरेलिक वेळेत मारता येतं, म्हणून राज्याने आपल्या खर्चाने किमान कोकणासाठी तशी व्यवस्था उभी करावी. आणखी एक गोष्ट: कितीतरी बागा कराराने दिलेल्या असतात, तेही तोंडी शब्दावर. नुकसान करार घेणाऱ्याचं, सातबारा मालकाचा. या माणसांना विम्यात आणण्याचा सोपा मार्ग काढा, ती सगळ्यात उघड्यावर आहेत.

2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनाचा अर्थच हा की हे फळ याच मातीत आणि याच हवेत होतं. हवा बदलली तर ते दुसरीकडे नेऊन लावता येणार नाही. माझा मुलगा बाग सांभाळायची म्हणतो आहे. त्याला मी हो म्हणावं की मुंबईला जा म्हणावं, हे मला दर फेब्रुवारीत नव्याने ठरवावं लागतं. आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांत हेच चाललं आहे.

पुढच्या आंबिया बहाराच्या, म्हणजे आंब्याच्या हंगामाच्या, विम्याचा शासन निर्णय निघण्याआधी बागायतदार, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ, कृषी विभाग आणि विमा कंपन्या यांची एकत्र बैठक बोलवा. ती मंत्रालयात न घेता रत्नागिरी किंवा देवगडला घ्या. मागच्या पाच हंगामांतल्या तापमानाच्या नोंदी आणि त्या त्या मंडळाला मिळालेली भरपाई समोरासमोर ठेवा. आम्ही आमच्या फवारणीच्या वह्या आणि बाजारातल्या विक्रीच्या पट्ट्या घेऊन येऊ.

कळावे,

आपली,
एक आंबा बागायतदार,
जिल्हा रत्नागिरी