प्रसार भारतीने रास्त वापराची हद्द स्वतः जाहीर करावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एएनआय या वृत्तसंस्थेच्या काही सेकंदांच्या चित्रफिती वापरल्याबद्दल आपल्या वाहिन्यांवर कॉपीराइट स्ट्राइक (हक्कभंगाच्या तक्रारीवरून यूट्यूबने दिलेले दंडात्मक इशारे) लागले आणि ते मागे घेण्यासाठी लाखो रुपयांचा परवाना घेण्यास सांगण्यात आले, असा आरोप काही यूट्यूबकारांनी मे २०२५मध्ये केला. खासगी संस्थेने आपला माल कसा विकावा, हा तिचा प्रश्न आहे. मात्र जनतेच्या पैशावर दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचे याबाबतचे धोरण काय, हे त्या वादात फारसे कोणी विचारले नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी अभ्यास, संशोधन, टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी रास्त वापराला, म्हणजे मालकाची परवानगी न घेता केलेल्या मर्यादित वापराला, मुभा देते. त्यात सेकंदांची मर्यादा नाही. ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. पण प्रत्यक्षात निवाडा न्यायालयाआधी यूट्यूबच करते. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक लागले की वाहिनी बंद होऊ शकते, आणि हरकत घ्यायची तर स्वतःचे नाव-पत्ता देऊन कोर्टकचेरीची तयारी ठेवावी लागते. तालुक्याच्या गावी मोबाइलवर बातम्या करणारा माणूस अशा वेळी मुकाट्याने तेवढा तुकडा कापून टाकतो. तो तुकडा म्हणजे दूरदर्शनवर पीकविम्याची घोषणा करणारे मंत्री असतील आणि त्यालाच जोडून बांधावरच्या शेतकऱ्याच्या हातातील नाकारलेल्या दाव्याचा कागद दाखवलेला असेल, तर कापला गेला तो टीकेचा गाभाच.

अमेरिकेतील माहितीपटकारांपुढेही हीच अडचण होती. त्यांनी २००५ साली वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतील अभ्यासकांच्या मदतीने आपल्या क्षेत्रात रास्त वापर कशाला म्हणायचे, याचे निवेदन तयार केले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत विमा कंपन्याही त्या आधारे माहितीपटांना कॉपीराइटच्या दाव्यांविरुद्ध संरक्षण देऊ लागल्या. कायद्याचे एक अक्षरही त्यासाठी बदलावे लागले नाही. त्यांचा कायदा आपल्यापेक्षा सैल आहे हे खरे, परंतु हद्द आधीच लिहून ठेवण्याची ही रीत आपल्याला घेण्यासारखी आहे.

प्रसार भारतीने मार्च २०२४मध्ये ‘शब्द’ ही सेवा सुरू करून माध्यमसंस्थांना बातम्या आणि चित्रफिती पुरवण्यास आरंभ केला, हे स्वागतार्हच आहे. मात्र आज लोकमाध्यमाचे बरेचसे काम संस्थेबाहेरची माणसे करतात: ग्रामसभेचे चित्रण, अर्थसंकल्पाची सोप्या भाषेतील उकल, पूररेषेची विचारपूस. (त्यात थापाही भरपूर असतात, पण त्या खोडून काढायलाही मूळ फीत दाखवावीच लागते.) टीका, अध्यापन किंवा वृत्तांकनासाठी श्रेयनिर्देशासह घेतलेल्या उताऱ्यांवर स्ट्राइक टाकणार नाही, असे एक पानभर निवेदन प्रसार भारतीने मराठीसह सर्व भाषांत प्रसिद्ध करावे. अख्खी मालिका उचलून त्यावर स्वतःचे बोधचिन्ह चिकटवणाऱ्यांची मला मुळीच कणव नाही. त्यांच्यावर कारवाई अवश्य व्हावी.

मुंबई दूरदर्शनच्या १९७२पासूनच्या कार्यक्रमांत लेखक, गायक आणि वादकांचेही हक्क गुंतलेले आहेत, तेव्हा तो सारा संग्रह एकदम खुला करा, असे माझे म्हणणे नाही. बातमीपत्रांपासून आणि शासकीय समारंभांच्या चित्रणापासून सुरुवात व्हावी. यूट्यूबवर फीत चढवतानाच, श्रेय देऊन ती कोणालाही वापरू देणारा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना निवडण्याची सोय आहे. सह्याद्री वाहिनीने उद्याच्या बातमीपत्रापासून ती वापरायला हरकत नसावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा