चावी दिली की विमाही दिला

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू तावातावाने विचारलंस, गाडी ठोकली मित्राने, मग क्लेम तुझ्या पॉलिसीवर कशाला? तेवढ्यात वहिनींनी फोन घेतला आणि उत्तर राहूनच गेलं.

इथे कॅलिफोर्नियात आधी गाडीचा विमा बघतात, चालवणाऱ्याचा नंतर. मित्राने सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून धडक दिली, आणि अशा वेळी चूक बहुतेकदा मागच्याचीच धरतात. कुणाला लागलं नाही हे नशीब. समोरच्याची डिकी चेपली, आपलं बॉनेट आणि रेडिएटर गेलं. विमा कंपनीच्या माणसाने दोनच गोष्टी खोदून खोदून विचारल्या: चावी तुम्ही स्वतः दिलीत का? तो तुमच्याच घरात राहतो का? पहिल्यातली मेख अशी, की गाडी परवानगीने नेली असेल तरच माझी पॉलिसी लागू. दुसरी त्याहून अवघड. एका घरात राहणाऱ्यांची नावं, अगदी रूममेटचंही, कंपनीला आधी कळवायची असतात. आणि पॉलिसीतून मुद्दाम वगळलेल्या माणसाने गाडी चालवली, तर छदामही मिळत नाही. हा वेगळा राहतो म्हणून निभावलं.

समोरच्याचं नुकसान माझ्या लायबिलिटीतून, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या विम्यातून जाईल. तिची किमान मर्यादा इथे 1 जानेवारी 2025 पासून वाढली: एका जखमीमागे 30,000 डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांचे मिळून 60,000 आणि मालमत्तेला 15,000. मालमत्तेचा आकडा आधी फक्त 5,000 होता. त्यात आजची गाडी काय दुरुस्त होणार! मर्यादेपुढे खर्च गेला, तर मित्राच्या स्वतःच्या पॉलिसीचा नंबर. आपली गाडी कोलिजन कव्हरमधून, म्हणजे धडकेत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या विम्यातून दुरुस्त होईल, त्यातले पहिले 500 डॉलर मात्र माझ्या खिशातून. ते तो देतो म्हणालाय, आणि मी भिडेखातर नको म्हणणार नाहीये.

आता तुझं. शेजारच्या पोरांना तू बिनदिक्कत गाडी देतोस. आपल्याकडेही थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, गाडीलाच चिकटलेला. पण चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर अपघाताच्या दाव्यांचं ट्रिब्युनल जखमीला कंपनीकडून पैसे देववतं आणि कंपनीला ते तुझ्याकडून वसूल करायची मुभा देतं. तुझ्या गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम नाकारतील तो निराळाच. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमाही तुझ्यापुरताच, त्या पोराला त्यातलं काही नाही.

जुनी गाडी विकतोयस, तर पैसे हातात पडले की विषय संपला असं समजू नकोस. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, तुझं नाव आहे तोवर मालक तूच. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका प्रकरणात आरसीवरच्या माणसाला जबाबदार धरलं, गाडी पुढे हातोहात विकली गेली होती तरीही. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 आरटीओत जाऊन नाव बदलेपर्यंत एजंटची पाठ सोडू नकोस. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सवलत, मात्र गाडीबरोबर जात नाही, तो तुझाच. कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेव, नव्या गाडीच्या प्रीमियममध्ये वजा होईल.

आई-बाबांना नमस्कार सांग. त्यांना अपघाताचं अजून बोललो नाहीये, तूही बोलू नकोस.

तुझा,
धाकटा