खोताची वाडी राखणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहा

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी गिरगावात, चाळीत वाढलो. शाळेतून घरी येताना मुद्दाम खोताच्या वाडीतून यायचो, कारण तिथल्या एका बंगल्याच्या ओट्यावर आम्हा पोरांना बसू द्यायचे. पुढे नक्षीचा लाकडी कठडा, बाहेरच्या बाजूने माडीवर चढणारा जिना, झडपांच्या खिडक्या, वर मंगलोरी कौलं. आतून बॉटल मसाल्याचा वास यायचा. घरच्या आंटी आमच्याशी त्यांच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, वळणाच्या मराठीत बोलायच्या. नाताळात त्यांच्याकडच्या फुगिया आमच्या चाळीत यायच्या, दिवाळीत आमचा फराळ तिकडे जायचा.

दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना घरं बांधायला दिली. म्हणून ख्रिस्ती वस्तीला खोतांचं नाव. पलीकडे केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, अलीकडे सेंट तेरेसाचं चर्च. मुंबई कशी घडली हे दाखवायला एवढा लहान आणि एवढा बोलका दुसरा तुकडा मला माहीत नाही. या वाडीत एकेकाळी साठाच्या वर बंगले होते. आज त्यातले निम्मेही उरलेले नाहीत.

ते का गेले, हे मी जवळून पाहिलं आहे. आंटींच्या बंगल्याची दर मे महिन्यात शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, रिपा तपासायच्या, पन्हळी साफ करायच्या. आंटी गेल्या, मुलगा घर बघू लागला. कौलं चढवणारी माणसं मिळेनात. सागवानाचा भाव त्याच्या आवाक्याबाहेर गेला. एका पावसाळ्यात तुळईला वाळवी लागलेली दिसली, ती बदलायला परवानगी हवी होती. तो ज्या कार्यालयात गेला तिथे नकाशा मागितला, मग दुसरा नकाशा, मग फोटो, मग दुसऱ्या कार्यालयाचा दाखला. कागद पुरे होईपर्यंत दोन पावसाळे गेले आणि माडीचा एक कोपरा खचला. त्याच काळात बिल्डरचा माणूस दर महिन्याला येऊन बसायचा. शेवटी मुलाने सही केली. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित पहिल्याच पावसाळ्यात केली असती.

महोदय, वारसा वास्तूंसाठी नियम करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. १९९५ साली विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम आला आणि वारसा समिती नेमली गेली. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या नियमाने मालकाला 'पाडू नकोस' असं बजावलं, 'राखायला मी हात देतो' असं पुरेसं कधी म्हटलं नाही. बांधता न आलेल्या क्षेत्राच्या बदल्यात टीडीआर (तेवढं बांधकाम दुसरीकडे करण्याचा, विकता येणारा हक्क) देण्याची तरतूद तेव्हापासून कागदावर आहे. पण लहानशा भूखंडावरचा पेन्शनर मालक वास्तुविशारद नेमून, फायलीमागे धावून तो मिळवणार कसा? त्याच्यापर्यंत ती तरतूद चालत गेली पाहिजे.

मालमत्ता कराचंही तसंच. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून करमाफी आहे. निर्णय चांगलाच आहे. पण हा कर जागेच्या बाजारभावाशी बांधलेला आहे, आणि गिरगावातला भाव ठरतो शेजारच्या टॉवरवरून. आता भुयारी मेट्रोचं स्थानकही दाराशी आलं. मालकाचं उत्पन्न तेवढंच राहतं, घर मात्र कागदावर महाग होत जातं. जो माणूस विकायचं नाही म्हणून बसला आहे, त्याच्याकडून आपण विकण्याच्या भावावर कर घेतो, हा अन्याय आहे.

मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल परिसराला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं तेव्हा आम्ही गिरगावकरही आनंदलो. त्या मरीन ड्राइव्हवरून खोताच्या वाडीत पायी यायला फार वेळ लागत नाही. तिकडच्या इमारती मोठ्या, इकडचे बंगले लाकडाचे आणि ठेंगणे. म्हणूनच त्यांना जपणूक जास्त लागते. शेजारी खोल पाया खणला की यांच्या भिंतींना आधी तडे जातात.

माझी मागणी मोजकी आहे. जुन्या लाकडाच्या जागी तसंच लाकूड, जुन्या कौलाच्या जागी तसंच कौल बसवायचं असेल, तर एका अर्जावर पंधरा दिवसांत परवानगी मिळावी. उत्तर आलं नाही तर ती मिळाली असं धरावं. मालक स्वतः राहत असलेल्या, वारसा यादीतल्या घरांना मालमत्ता कर माफ व्हावा. टीडीआरचं प्रकरण महापालिकेनेच मालकाच्या वतीने तयार करावं. आणि वाडीलगत खोदकामाला परवानगी देताना बाजूच्या बंगल्यांची आधी पाहणी व्हावी, नुकसान झालं तर ते खोदणाऱ्याने भरून द्यावं.

यातली पहिली गोष्ट सर्वांत सोपी आहे, आणि तिला निधीही लागत नाही. शाकारणी मे महिन्यात होते. ती परवानगी त्याआधी निघाली, तर या वर्षी काही घरांच्या तुळया बदलता येतील.

आपला नम्र,
एक गिरगावकर