बाबांचा डावा हात आणि माझा होकार

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते आणि मग दोन दिवस धड जेवत नाही. म्हणून लिहितेय. मी डेन्मार्कला जातेय, आऱ्हुस विद्यापीठात, तीन वर्षांसाठी, पीएच.डी.ला. होकार कळवून आठवडा झाला. न विचारता कळवला हे चुकलंच. पण विचारलं असतं तर बाबा लगेच "जा" म्हणाले असते, आणि तो "जा" ऐकून माझा पायच निघाला नसता.

विषय तुमचाच आहे बाबा. मेंदूच्या झटक्यानंतर काहींच्या अंगात ही आग का उरते आणि बाकीच्यांच्या का नाही. पलीकडच्या कॉटवरचे जतचे काका आठवतात? एमआरआयवर ठिपका जवळपास त्याच जागी, मेंदूतल्या थॅलॅमसमध्ये. त्यांचा हात नुसता बधिर राहिला. तुमचा तिसऱ्या महिन्यापासून पेटलाय. डेन्मार्कमध्येच १९९५ साली छापून आलेल्या अभ्यासात झटका आलेल्यांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. शंभरातल्या साधारण आठ जणांना असं दुखणं लागलं. त्या आठांत आपलाच नंबर का, हे तुम्ही मला विचारलं होतंत आणि मी "आराम करा" म्हणाले होते.

तुमच्या भाषेत सांगते. थॅलॅमस म्हणजे स्टँडवरचा कंट्रोल रूम. गरम, गार, टोचणं, सगळ्या गाड्यांची नोंद तिथे. झटक्याने त्या रूटचा रस्ता तुटला, गाड्या यायच्या बंद झाल्या, आणि आता कंट्रोलर रिकाम्या फलाटावर बसून आपल्या मनानेच घोषणा देतोय. म्हणून तुमच्या डाव्या हाताला चहाचा कप गरम आहे की गार ते कळत नाही, पण पंख्याच्या वाऱ्याने मात्र निखारा ठेवल्यासारखं होतं. अर्थात हा एक अंदाज झाला. रस्ता तुटूनही जतच्या काकांच्या स्टँडवर शांतता आहे, हेच तर कोडं. पॅरिसच्या देजेरीन आणि रूसी या डॉक्टरांनी १९०६ मध्येच असे पेशंट लिहून ठेवलेत. म्हणजे "मनाचं आहे हो, भजनात लक्ष घाला" असं तुम्हाला सांगणाऱ्याला शंभर वर्षं उशीर झाला होता.

त्याला कशाला बोलू? मी स्वतः फिजिओथेरपिस्ट. त्या दिवाळीत तुम्ही चादर झटकलीत तेव्हा "बाबा, चादरच आहे" असं मीच म्हणाले. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त बंडीची बाही वर सरकवून बसलात. एस.टी.च्या मागच्या सीटवर, सुट्टीत तुमच्याबरोबर फेरीला आले की, मी याच दंडावर डोकं ठेवून झोपायचे. हात आखडायचा तुमचा, पण विट्याचा स्टँड येईपर्यंत हलवायचा नाहीत.

आता व्यवस्था. सकाळी सात ते बारा कमलमावशी येतील, बोलणं झालंय. न्हाणीघरात दांडी बसवून घेतली. तिकडे पीएच.डी. करणाऱ्याला पगार असतो, तेव्हा पैशाची काळजी नको. वेळ आपल्या साडेतीन तास मागे, थंडीत साडेचार. म्हणजे तुमच्या रात्रीच्या गोळीच्या वेळी मी जागीच असणार, चुकवाचुकवी चालणार नाही.

ती गोळी वेड्यांची नाही, मेडिकलवाला काही म्हणो. १९८९ साली स्वीडनमध्ये नेमक्या याच दुखण्यावर तिची चाचणी झालीय. तोंड कोरडं पडतं, उठताना गरगरतं. म्हणून रात्री उठलात की आधी पलंगावर बसा, शंभर मोजा, मग उभे राहा. आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायची नाही, आत्याने काहीही सांगू दे.

आई, डाव्या हाताला गरम पाण्याची पिशवी अजिबात लावायची नाही. भाजलं तरी त्यांना कळणार नाही. पाणी आधी त्यांच्या उजव्या हाताने बघायला लाव. स्टीलच्या पेल्याला तू फडकं गुंडाळतेस ते बरोबर आहे, तसंच चालू ठेव. त्यांना उठवताना तो हात धरून ओढू नकोस, खांदा निखळेल, कमरेला आधार दे. आणि तू स्वतःचं बी.पी. तपासून घे, "मला काय धाड भरलीय" नको. लग्नाचा विषय फोनवर काढ, इथे नको.

बाबा, माझ्या अभ्यासाने तुमचा हात बरा होईल असं मी म्हणत नाही. तेवढी मोठी नाही झाले. तिकडे ब्रश, टाचणी आणि गरम-गार होणारी पट्टी घेऊन लोकांना विचारत बसायचंय, काय वाटतं, कसं वाटतं. तुम्हाला मी एकदाही नीट विचारलं नाही. शनिवारी येतेय, वही घेऊन. तेव्हा सांगाल का?

तुमची,
बेबी

ता. क. निळ्या शर्टाची डावी बाही उसवून सैल करून आणतेय. तोवर तो घालू नका.